पाण्याकाठचे कोरडे तळमजले

धागाकर्ता: किनारेकर

नदीकाठी, जुन्या बंदराच्या धक्क्यावर किंवा समुद्रात भराव घालून उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींवर टीका होते, तेव्हा ती बहुधा इमारतींच्या उंचीवर आणि काचेवर होते. या धाग्यात मला त्यांच्या सगळ्यांत खालच्या पाच मीटरांबद्दल बोलायचे आहे. माणूस जिथून चालतो, जिथे रेंगाळतो, पावसाची सर आली तर जिथे आडोशाला उभा राहतो तो भाग म्हणजे तळमजला, आणि या वसाहती हमखास फसतात त्या तिथेच.

गेल्या महिन्यात अशा एका नव्या संकुलाच्या पाण्याकडच्या अंगाने मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि वाटेत लागलेली दारे मोजली. ३१० पावले झाली, म्हणजे दोनशे मीटरांहून थोडे अधिक. दारे निघाली नऊ. त्यांतली दोन निवासी लॉबींची होती. आत पहारेकऱ्याचे टेबल, आणि कार्ड टेकवल्याशिवाय दार उघडत नाही. एक वाहनतळाचे शटर होते. पाच दारे राखाडी पत्र्याच्या झडपांची होती, त्यांवर विजेच्या धोक्याची कवटी रंगवलेली आणि आतून रोहित्राची घरघर. नववे दार एका कॅफेचे होते, पण त्याच्या काचेला आतून तपकिरी कागद चिकटवलेला होता आणि तो कागद उन्हाने कोपऱ्यांशी पांढरा पडला होता, म्हणजे तो कालपरवाचा नव्हता. ग्रॅनाइटची फरशी स्वच्छ होती, झाडे एका रांगेत होती, दिवे महागातले होते. बोट ठेवावे असे काहीच नव्हते, आणि तरी मला तिथे घटकाभर थांबावेसे वाटले नाही.

डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी रस्त्याकडेच्या दर्शनी भागांची एक प्रतवारी केली आहे. तिच्यात जिवंत रस्त्याला दर १०० मीटरांमागे १५ ते २० दारे असतात आणि २ ते ५ दारांचा रस्ता कंटाळवाणा गणला जातो. झडपांची दारे हिशेबात धरली तर मी चाललो तो रस्ता कंटाळवाण्यांत बसतो. न धरली तर तो प्रतवारीच्या सर्वांत खालच्या पायरीवर जातो.

माझे म्हणणे असे की ही ठिकाणे पलीकडच्या काठावरून पाहण्यासाठी रेखाटलेली असतात. अशा प्रकल्पाचे जे पहिले चित्र वर्तमानपत्रात किंवा विक्री कार्यालयाच्या भिंतीवर दिसते, ते पाण्याच्या मध्यावरून घेतलेले असते आणि वेळ बहुतेकदा तिन्हीसांजेची असते. त्या चित्रात तळमजला म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या वर असलेली एक उजळ, सोनेरी पट्टी. तिन्हीसांजेला आतले दिवे लागलेले असतात, म्हणून काच पारदर्शक दिसते आणि आत माणसांची वर्दळ असल्याचा भास होतो. भर दुपारी याच्या उलट घडते. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो, काचेचा आरसा होतो, आणि चालणाऱ्याला दोनशे मीटर स्वतःखेरीज कोणीही दिसत नाही. चित्र तासाभराच्या उजेडाचे काढायचे आणि उरलेला दिवस चालणाऱ्याच्या माथी मारायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

जाणकारांनी आपली निरीक्षणे मांडावीत. विरोधी मत असेल तर ते विशेष हवे आहे.

प्रतिसाद: काटकोन

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि आपण मोजलेल्या झडपांसारख्या झडपा मी स्वतः काढलेल्या आहेत, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातून थोडी बाजू मांडतो.

पाण्याकाठच्या जमिनीत जरा खोदले की पाणी लागते. तळघर बांधता येत नाही असे नाही, पण त्याच्या भिंती आणि तळ यांना पाण्याचा दाब सोसावा लागतो, रिकामे तळघर होडीसारखे वर उचलले जाऊ नये म्हणून ते खाली जखडावे लागते, आणि हे सारे खर्चाचे काम असते. मग वाहनतळ जमिनीवर येतो. वाहनतळ जमिनीवर आला की पहिले दोन-तीन मजले गाड्यांचे होतात आणि त्यांना बाहेरून जाळी किंवा झडपा लावून झाकावे लागते. विजेची खोली पुराच्या भीतीने तळघरात ठेवता येत नाही; तिला वीजपुरवठा करणाऱ्यांच्या माणसांसाठी थेट बाहेरून दार लागते आणि रोहित्र तापते म्हणून वारा खेळता लागतो. आगीच्या पंपाची खोली, कचऱ्याची खोली, पाण्याच्या जोडणीची खोली, या सगळ्यांचा हक्क बाहेरच्या भिंतीवरच असतो. प्रत्येक खात्याची मागणी आपापल्या जागी योग्य असते आणि त्या सर्वांची बेरीज म्हणजे आपण पाहिलेली भिंत.

याहून मोठी अडचण अशी की पाण्याकाठच्या इमारतीला पाठ नसते. जुन्या गावठाणात घराला पुढचे दार असे आणि मागे बोळ असे. धुणीभांडी, सरपण, कचरा यांचा व्यवहार बोळातून होई. इथे एकीकडे रस्ता आणि दुसरीकडे पाणी. दोन्ही बाजू दर्शनी. रस्त्याच्या बाजूला गाडीतून उतरण्याचा भव्य पोर्च हवा असे मालक सांगतो, आणि मग इमारतीच्या पोटातले सामान कुठे तरी दाखवावेच लागते.

पुराबद्दल एक उदाहरण देतो. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या १५७ हेक्टरांच्या वसाहतीभोवती बांध घातलेला नाही. त्याऐवजी इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८ मीटर उंचीच्या ओट्यांवर उचलले आहेत आणि धक्क्यावरची जुनी वाट खालीच ठेवली आहे, म्हणजे मोठ्या वादळी भरतीत ती पाण्याखाली जाऊ शकते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम आहे. पण खालच्या वाटेने चालणाऱ्याच्या खांद्याशी काही ठिकाणी ओट्याची भिंत येते आणि ओट्याच्या पोटात गाड्या असतात. तरीही डालमानकाई या त्यांच्या एका भागात तळमजल्यांची उंची सुमारे पाच मीटर ठेवण्याची अट घातली गेली, जेणेकरून आज तिथे घर किंवा कार्यालय असले तरी उद्या दुकान किंवा कार्यशाळा येऊ शकेल. अशी अट विक्रीच्या कागदात असेल तर आम्ही ती पाळतो. नसेल तर आमच्या सदिच्छेला बाजारात किंमत नाही.

प्रतिसाद: भरती

धागाकर्त्यांचा सूर मला थोडा गतकातर वाटतो. जुनी बंदरे जणू माणसांनी गजबजलेली मोकळी ठिकाणे होती आणि नव्या बांधकामांनी ती ओसाड केली, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. १८०२ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या वेस्ट इंडिया गोद्यांभोवती चोरी रोखण्यासाठी उंच भिंत होती आणि आत शिरायला काम किंवा परवाना लागे. बहुतेक बंदरांमध्ये सामान्य नागरिकाला पाणी दिसतच नसे. आज तिथे कोणीही जाऊन उभा राहू शकतो, ही सुधारणा आहे की नाही?

दुसरे असे की मी स्वतः अशा एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या खिडकीखाली रात्री बारापर्यंत गजबज नसणे हा मला दोष वाटत नाही. जे लोक रविवारी फेरफटका मारायला येतात त्यांना तिथे जत्रा हवी असते, आणि जे तिथे राहतात त्यांना झोप हवी असते. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीवर हीच टीका पहिल्यापासून होत आली आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायातून निघालेल्या मातीच्या भरावावर त्या वसाहतीचा काही भाग उभा आहे. १९७९ च्या आराखड्यात शहराचे जुने रस्ते सरळ पाण्यापर्यंत नेले, काठाने सलग वाट केली, झाडे लावली. ती जागा आजही शांत आहे, आणि त्या काठावर बसणाऱ्यांना ती शांतताच हवी असते. झाडे वाढायला वीस वर्षे लागतात, वस्ती मुरायलाही लागतात. पाच वर्षांच्या वसाहतीला निष्प्राण म्हणणे हे तान्ह्या मुलाला अबोल म्हणण्यासारखे आहे.

प्रतिसाद: किनारेकर

भरती, गोद्यांच्या भिंतीचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच उपयोगाचा आहे. १९५६ मध्ये कंटेनर लादलेले पहिले जहाज अमेरिकेत निघाले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत शहरांच्या पोटातली बंदरे निरुपयोगी झाली, कारण कंटेनरच्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळी मैदाने लागतात. लंडनच्या गोद्या १९६७ पासून एकामागून एक बंद होत गेल्या आणि १९८१ मध्ये शेवटच्या मोठ्या गोद्याही थांबल्या. त्याच वर्षी त्या जमिनीसाठी विकास महामंडळ नेमले गेले. भिंतीच्या आत जे उरले ते एकाच मालकाच्या ताब्यातले, रस्ते नसलेले, गल्ल्या नसलेले, प्रचंड मोठे भूखंड होते. शहराच्या इतर भागात जमीन पिढ्यान्पिढ्या वाटली गेलेली असते. एका भावाचे दुकान, दुसऱ्याचे घर, तिसऱ्याची पडीक जागा. बंदराच्या जमिनीला तो इतिहास नसतो. म्हणून ती मोठ्या तुकड्यांत विकली जाते, आणि मोठ्या तुकड्यावर एकच विकासक, एकच दर्शनी भिंत आणि एकच प्रवेशद्वार येते. भिंत पडली, पण तिची लांबी राहिली.

शांततेबद्दल मात्र आपण माझ्या म्हणण्याचा विपर्यास करत आहात, असे नम्रपणे म्हणतो. शांत रस्ता आणि मेलेला रस्ता यांतला फरक मला दारांवरून कळतो. ॲम्स्टरडॅमच्या बोर्नेओ आणि स्पोरेनबुर्ख या जुन्या बंदराच्या दोन जिभांवर १९९० च्या दशकात सुमारे २,५०० घरे बांधली गेली, हेक्टरी साधारण १०० अशा घनतेने. वेस्ट ८ या संस्थेने केलेल्या त्या आराखड्यातली बहुतेक घरे तीन मजल्यांची आहेत आणि त्यांना थेट रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार आहे. एका रस्त्यावर तर साठ अरुंद भूखंड वेगवेगळ्या कुटुंबांना दिले आणि ज्याने त्याने आपापला रचनाकार नेमून घर बांधले. मागे कालव्याचे पाणी, पुढे दार. तिथे दुकाने मोजकी आहेत आणि रात्री गजबज नसते. पण दर पाच-सहा पावलांवर उंबरठा येतो, त्यावर कोणाची सायकल टेकलेली असते, कोणी कुंडी ठेवलेली असते, कोणी पायरीवर बसून बूट घालत असते. आपल्या झोपेला त्याने बाधा येईल असे वाटत नाही.

प्रतिसाद: शीड

या चर्चेत वाऱ्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण पाण्याकाठच्या पुष्कळशा जागा ओस पडतात त्या मुख्यतः वाऱ्यामुळे.

पाण्याच्या पृष्ठभागावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते, त्यामुळे तो जमिनीवरच्यापेक्षा अधिक वेगाने येऊन थेट काठावरच्या पहिल्या इमारतीवर आदळतो. इमारत उंच आणि सपाट असेल तर तिच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीच्या वर लागलेला वारा माथ्यावरून निघून जातो आणि त्याखालचा बराचसा भिंतीवरून घसरत जमिनीकडे येतो. खाली तो गोल फिरतो आणि इमारतीच्या कोपऱ्यांवरून जोराने सुटतो. छत्री उलटी होते ती नेमकी अशा कोपऱ्यावर. दोन मनोऱ्यांमध्ये मोकळी फट ठेवून तिला दर्शनमार्ग असे गोंडस नाव दिले की वाऱ्याला बोगदा मिळतो. चित्रात मात्र त्याच फटीत खुर्च्या मांडलेल्या दिसतात.

स्वीडनमधल्या माल्मो शहराच्या पश्चिम बंदरात २००१ साली गृहनिर्माणाचे जे प्रदर्शन भरले, त्याच्यासाठी बांधलेला वसाहतीचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. समुद्राच्या बाजूला त्यांनी उंच इमारतींची एक रांग ढालीसारखी उभी केली आणि तिच्या आड कमी उंचीची घरे, आखूड गल्ल्या आणि छोटे चौक ठेवले. गल्ल्या मुद्दाम सरळ रेषेत ठेवल्या नाहीत. जाळे ताणल्यावर त्याची घरे वाकडी व्हावीत तसा तो नकाशा दिसतो. समुद्राकडे वारा असह्य असतो तेव्हा पन्नास पावले आत आले की कोट काढून बसता येते. काठाला लाकडी पायऱ्या आहेत आणि त्या पाण्यापर्यंत उतरतात.

याच्या उलट मेलबर्नच्या डॉकलँड्स या जुन्या बंदराच्या भागाचे. सुमारे २०० हेक्टरांचा तो परिसर वेगवेगळ्या विकासकांना मोठमोठ्या तुकड्यांत वाटून दिला गेला आणि वाऱ्याने झोडपलेली निर्जीव जागा अशी त्याची ख्याती झाली. लोकांना खेचण्यासाठी तिथे एक अजस्र पाळणा उभारला. तो डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाला, ४० दिवसांत त्याच्या सांगाड्यात दोष आढळून बंद पडला, २०१३ च्या अखेरीस पुन्हा फिरू लागला आणि २०२१ मध्ये कायमचा थांबला. पदपथ दुरुस्त करण्यापेक्षा पाळणा उभारणे अधिक सोपे वाटावे, हे मला त्या सगळ्या प्रकरणाचे सार वाटते.

प्रतिसाद: हिशेबनीस

दुकानांविषयी एक साधे गणित मांडतो, कारण 'तळमजल्यावर दुकाने ठेवा म्हणजे रस्ता जिवंत होईल' हा उपाय पुष्कळजण मंत्रासारखा म्हणतात.

कोणत्याही लहान दुकानाचे गिऱ्हाईक पायी दहा मिनिटांच्या अंतरातून येते. दुकान शहराच्या मध्यभागी असेल तर ते अंतर पूर्ण वर्तुळाचे असते. पाण्याकाठी असेल तर अर्धे वर्तुळ पाण्यात जाते आणि मासे काही विकत घेत नाहीत. म्हणजे तेवढ्याच धंद्यासाठी काठावरच्या दुकानामागे दुप्पट दाट वस्ती लागते, आणि मागे जर सहापदरी रस्ता किंवा रेल्वेचे रूळ असतील, जे जुन्या बंदरांमागे हमखास असतात, तर उरलेले अर्धे वर्तुळही कापले जाते. असे असताना नियमात संपूर्ण काठाने दुकाने सक्तीची केली की गाळे रिकामे राहतात आणि त्यांच्या काचांवर समुद्रपक्ष्यांची चित्रे छापून चिकटवावी लागतात.

गाळा रिकामा असताना मालक भाडे का उतरवत नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. इमारतीवर काढलेले कर्ज तिच्या मूल्यावर अवलंबून असते आणि मूल्य अपेक्षित भाड्यावर काढलेले असते. एका गाळ्याचे भाडे निम्मे केले तर कागदावर सगळ्याच गाळ्यांचे मूल्य खाली येते. गाळा रिकामा ठेवला तर भाडे 'अपेक्षित' राहते. वरच्या मजल्यांच्या विक्रीतून पैसे आधीच सुटलेले असतात, त्यामुळे तळमजल्याचा तोटा सोसता येतो. धागाकर्त्यांनी पाहिलेल्या त्या तपकिरी कागदामागे बहुधा असाच हिशेब असावा.

आणि जिथे धंदा चांगला चालतो तिथेही रस्त्याचे भले होतेच असे नाही. लंडनच्या जुन्या गोद्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कॅनरी व्हार्फ या कार्यालयांच्या वसाहतीत दुकानांची मोठी बाजारपेठ आहे, पण तिचा बराचसा भाग मनोऱ्यांच्या पायथ्याखाली, स्थानकांना जोडून, जमिनीच्या पातळीखाली आहे. पावसापाण्यात कर्मचाऱ्यांची उत्तम सोय होते. वरच्या चौकात त्यामुळे जाण्यायेण्याचे कारणच उरत नाही. १९९१ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या २३५ मीटर उंच मनोऱ्याच्या विकासक कंपनीचे पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले होते, तेव्हा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीचा विचार त्यांना सुचला नसेल तर मी त्यांना फार दोष देणार नाही.

प्रतिसाद: काठी

मी या विषयातली तज्ज्ञ नाही. आई काठी टेकत चालते आणि तिला पाणी बघायला आवडते, म्हणून अशा जागांची मला बारकाईने ओळख झाली आहे.

बसायला बाक असतात, पण ते एकमेकांपासून इतक्या अंतरावर असतात की एकावरून उठून दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत आईचा श्वास लागतो. ते दगडी असतात, त्यांना पाठ नसते आणि हात नसतात. ज्याला गुडघे दुखतात त्याला बाकाचा हात लागतो तो टेकण्यासाठी नव्हे, उठण्यासाठी, ही गोष्ट बाक काढणाऱ्याने कधी अनुभवलेली नसावी. झाडांच्या वाफ्याची कड बसण्याच्या बरोबर उंचीची असते, पण तिच्यावर हातभर अंतरावर पोलादी गुंड्या ठोकलेल्या असतात. आई एकदा दोन गुंड्यांच्या मध्ये तिरकी बसली, तर दोन मिनिटांत पहारेकरी आला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला की इथे बसण्याची व्यवस्था नाही. त्या दिवशी सबंध काठावर आम्ही दोघी आणि तो, एवढेच होतो.

कठड्याचेही सांगते. तो साधारण ११० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याची वरची दांडी चांगली जाड असते. उभ्या माणसाला त्यावरून पाणी दिसते. बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ त्याच उंचीवर येतात. आईला वर आकाश दिसते, खाली गजांच्या फटीतून थोडे पाणी दिसते, आणि जिथे पलीकडचा काठ, होड्या आणि क्षितिज असायला हवे तिथे बरोबर पोलादाची पट्टी येते. दांडीचा माथा उतरता केलेला असतो, म्हणून त्यावर कोपर टेकवून उभेही राहता येत नाही.

स्वच्छतागृह कॅफेच्या आत होते. कॅफे बंद पडला.

प्रतिसाद: किनारेकर

काठी, आपला प्रतिसाद वाचून मी पुन्हा त्या जागी गेलो आणि बाकावर बसून पाहिले. आपण म्हणता तसेच आहे. मी उभ्यानेच चाललो होतो, म्हणून मला ते दिसले नव्हते.

बसण्याच्या जागेचा हिशेब घालून देता येतो, याचे एक जुने उदाहरण आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमांनुसार इमारतीपुढे मोकळा चौक सोडणाऱ्याला जास्तीचे बांधकाम मिळे. चौक पुष्कळ सुटले आणि ओस पडले. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून तिथली माणसे कुठे बसतात याचा अभ्यास केला आणि त्यांचा निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. त्यानंतर १९७५ मध्ये नियम बदलला आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली. पाण्याकाठच्या वाटेला असा नियम लावायला कोणाची हरकत असावी, मला कळत नाही.

प्रतिसाद: काटकोन

गुंड्यांचे समर्थन मी करणार नाही. त्या स्केटबोर्ड घसरवणाऱ्या मुलांसाठी लावल्या जातात आणि त्यांचा त्रास सगळ्यांना होतो.

पण या जागा इतक्या गुळगुळीत आणि एकसुरी का दिसतात, याचे एक कारण रसायनशास्त्रातही आहे. खाऱ्या हवेत साधे पोलाद टिकत नाही, आणि घरात वापरतो तसले स्टेनलेस पोलादही काही महिन्यांत तपकिरी डागांनी भरते. मॉलिब्डेनम असलेला महागडा प्रकार, ज्याला आम्ही ३१६ म्हणतो, तो घ्यावा लागतो, तोही अधूनमधून धुवावा लागतो. लाकूड फुगते आणि शेवाळते. चुन्याच्या सांध्यांची वीट मिठाने पोखरली जाते. त्यामुळे देखभालीचा ठेका घेणारा सांगतो की ग्रॅनाइट, काच आणि ३१६ वापरा, आणि पृष्ठभाग असा ठेवा की नळीने धुता येईल. आम्ही ते ऐकतो. बंदराच्या जुन्या धक्क्यांवर जाड लाकूड आणि ओतीव लोखंड होते आणि ते शंभर वर्षे टिकले, पण त्यांच्यामागे रोज हातात डांबर आणि ब्रश घेऊन फिरणारी माणसे होती. तो पगार आता कोणाच्या अंदाजपत्रकात नसतो.

प्रतिसाद: भरती

काठी यांच्या प्रतिसादानंतर माझा पहिला सूर मला जरा चढा वाटतो. बाक, कठडा आणि स्वच्छतागृह यांना मुरायला वीस वर्षे द्यावीत असे मी म्हणू शकत नाही.

वस्ती मुरते या मुद्द्यावर मी ठाम आहे, मात्र त्याला एक अट जोडतो. मुरण्यासाठी बदलता येण्याजोगे काहीतरी हवे. बॉस्टनच्या सीपोर्ट भागात विमानतळाच्या उड्डाणमार्गामुळे उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे प्रत्येक विकासकाने परवानगी असलेल्या उंचीपर्यंत आणि भूखंडाच्या कडेपर्यंत खोका भरून काढला. सगळे खोके सारख्या उंचीचे, सगळ्यांचे तळमजले एकेका मोठ्या भाडेकरूला दिलेले. जानेवारी २०१८ च्या वादळात तिथल्या रस्त्यांवर समुद्राचे पाणी शिरले. अशा इमारतीचा तळमजला उद्या कोणाला वेगळ्या कामासाठी हवा झाला, तर त्याचे दहा तुकडे करणे सोपे नाही. जिने, नळ, विजेची जोडणी सारे एकाच भाडेकरूच्या मापाने केलेले असते. अशी जागा मुरत नाही, ती फक्त जुनी होते.

अवांतर: मासे विकत घेत नाहीत, हे वाक्य आवडले.

प्रतिसाद: शीड

भरती यांच्या अटीला अनुमोदन. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या फॉल्स क्रीक या खाडीच्या उत्तर काठावर, १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या जमिनीवर, मनोरे दाट आहेत, पण त्यांच्या पायथ्याला दोन-तीन मजली घरे जोडलेली आहेत आणि त्या घरांना रस्त्यावर स्वतःचे ओटे आणि दारे आहेत. मनोऱ्यावरून घसरलेला वारा त्या खालच्या मजल्यांच्या छतावर अडतो, म्हणजे माझाही प्रश्न सुटतो आणि किनारेकरांच्या दारांचाही. तिथे दुकाने थोडीच आहेत, तेव्हा हिशेबनीसांचीही तक्रार नसावी.

प्रतिसाद: हिशेबनीस

तक्रार नाही. दुकानांसाठी एकच कोपरा निवडावा, जिथे आतला रस्ता पाण्याला येऊन मिळतो तो, आणि तिथे लहान गाळे दाटीने ठेवावेत. बाकीच्या काठावर घरांची दारे असावीत. संपूर्ण काठ लोण्यासारखा सारखा पसरण्याचा हट्ट सोडला तर निम्मे रिकामे गाळे जन्मालाच येणार नाहीत.

एक प्रश्न धागाकर्त्यांना. दारे मोजताना आपत्कालीन दारांचे काय करावे? ती दिसायला दारे असतात, पण आतूनच उघडतात.

प्रतिसाद: किनारेकर

मी ती धरत नाही. माझा नियम असा: कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, ओळखपत्र नसलेल्या माणसाला ज्यातून आत जाता येईल किंवा ज्यातून एखादे कुटुंब रोज ये-जा करते, ते दार. लॉबीचे दार अर्धे धरावे असे कोणी सुचवले तर माझी ना नाही. आपापल्या माहितीतला एखादा काठ मोजून आकडे इथे लिहावेत. लांबी पावलांत दिली तरी चालेल.

प्रतिसाद: काटकोन

आज कार्यालयात आठ वर्षांपूर्वीच्या माझ्याच एका प्रकल्पाचा अंतिम नकाशा उघडून मोजले. पाण्याकडची लांबी १८४ मीटर. एकूण दारे तेरा. आपल्या नियमाने दोन, आणि लॉबी अर्धी धरली तर अडीच.

झडपांच्या चार दारांपैकी तीन खरोखरच तिथून हलवता येण्यासारखी नव्हती. चौथे, विजेच्या खोलीचे, पहिल्या नकाशात बाजूच्या गल्लीत होते. तिथे ते कोणाच्याच वाटेत येत नव्हते. गल्लीतून गाड्या वळवण्यासाठी दीड मीटर जास्त हवा, अशी मागणी आली आणि ती खोली मी पाण्याकडे सरकवली. नकाशावर त्या बदलाची तारीख आहे आणि खाली माझी सही आहे. त्या जागी आधी एक जिना आणि घराचे दार काढलेले होते.